राखीव उपग्रहाचा इतिहास : इन्सॅट-१ मालिका, अवकाशातील पुनर्प्राप्ती आणि पुण्यातील संस्था (१९८२-१९९०)

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रमनिर्मिती करणाऱ्या आरंभीच्या केंद्रांमध्ये पुणे विद्यापीठाच्या शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्राचा समावेश होता. पुण्यात चित्रित झालेले कार्यक्रम दिल्लीस पाठविले जात, तेथून ते उपग्रहाकडे प्रक्षेपित होत आणि देशभरातील महाविद्यालयांत दिसत. हे ज्या उपग्रहामुळे शक्य झाले त्याचे नाव इन्सॅट-१बी. मूळ योजनेत या उपग्रहाचे स्थान दुय्यम होते. मुख्य उपग्रह इन्सॅट-१ए हा होता आणि इन्सॅट-१बी त्याचा राखीव साथीदार होता. मुख्य उपग्रह सप्टेंबर १९८२ मध्येच निकामी झाल्याने राखीव उपग्रहावर संपूर्ण व्यवस्थेचा भार आला आणि त्याने तो अनेक वर्षे पेलला.

अवकाश कार्यक्रमाचा इतिहास बहुधा यशस्वी उड्डाणांच्या क्रमाने लिहिला जातो. अपयशी यानाच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या यानाची तयारी हा त्या लेखनात एखाद्या ओळीचा विषय ठरतो. त्याच दशकात भरकटलेले उपग्रह अवकाशातून परत आणण्याचा प्रयोगही झाला व जगभर गाजला. त्यामुळे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. बिघडलेला उपग्रह परत आणता येत असेल, तर राखीव उपग्रहावर खर्च करण्याची आवश्यकता उरते काय? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार इन्सॅट-१ मालिकेच्या आधारे आणि पुण्यातील संस्थांच्या संदर्भात केला आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१. इन्सॅट-१ मालिकेतील राखीव उपग्रहाच्या योजनेचा व तिच्या प्रत्यक्ष वाटचालीचा आढावा घेणे.
२. १९८४ मधील उपग्रह पुनर्प्राप्ती मोहिमेशी या वाटचालीची तुलना करणे.
३. राखीव व्यवस्थेवर अवलंबून असलेल्या पुण्यातील संस्थांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पार्श्वभूमी : पुणे परिसर आणि उपग्रह

उपग्रह दळणवळणाशी पुणे जिल्ह्याचा संबंध इन्सॅटपूर्वीचा आहे. भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभी नारायणगावजवळील आर्वी येथे उभे राहिले व त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशांशी संपर्क साधणे हे त्याचे कार्य होते. म्हणजे भूकेंद्र आपले, पण उपग्रह आंतरराष्ट्रीय संघटनेचा, अशी ती व्यवस्था होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह शिक्षणाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरचित्रवाणी पोहोचली. उपग्रह मात्र अमेरिकेचा होता आणि वर्षाची मुदत संपताच तो काढून घेण्यात आला. या प्रयोगाच्या आखणीत व कार्यवाहीत डॉ. एकनाथ वसंत चिटणीस यांचा मोठा वाटा होता. मूळचे कोल्हापूरचे असलेले डॉ. चिटणीस पुढे १९८१ ते १९८५ या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि २०२५ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण करून तेथेच निवर्तले. ‘साइट’ने दोन गोष्टी सिद्ध केल्या. उपग्रहाची सेवा खेड्यापर्यंत नेता येते, ही पहिली. उसन्या उपग्रहावर उभी असलेली सेवा उपग्रह गेला की थांबते, ही दुसरी.

पुण्यातील दुसरी महत्त्वाची संस्था म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे शिवाजीनगर येथील कार्यालय. १९२८ मध्ये हे कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुणेकर आजही त्यास ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखतात. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाही पुण्यात स्थापन झाली. समुद्रावरील ढगांची स्थिती जमिनीवरील वेधशाळांतून दिसत नाही. भूस्थिर उपग्रह दिवसरात्र एकाच भूभागाकडे पाहत असल्याने मॉन्सूनच्या व चक्रीवादळांच्या अभ्यासात त्याचे महत्त्व असाधारण होते.

इन्सॅट-१ ची रचना : मुख्य आणि राखीव

इन्सॅट-१ ची योजना दूरसंचार, दूरचित्रवाणी व आकाशवाणी प्रसारण आणि हवामान निरीक्षण या तिन्ही गरजा एकाच उपग्रहातून भागविणारी होती. एका उपग्रहावर बारा सी-बँड ट्रान्सपॉन्डर, प्रसारणासाठी दोन एस-बँड ट्रान्सपॉन्डर आणि दृश्य प्रकाशात २.७५ किलोमीटर व अवरक्त प्रकाशात ११ किलोमीटर इतका तपशील टिपणारे हवामान उपकरण अशी सामग्री होती. उपग्रहांची बांधणी अमेरिकेतील फोर्ड एरोस्पेस या कंपनीकडे आणि नियंत्रण कर्नाटकातील हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्राकडे सोपविण्यात आले.

तीन सेवा एकाच यानात आणल्याने खर्च वाचला, परंतु जोखीमही एकवटली. स्वतंत्र उपग्रह असते तर एकाच्या बिघाडाने एकच सेवा बंद पडली असती. येथे एका बिघाडाने दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामान निरीक्षण ही तिन्ही कामे ठप्प होणार होती. म्हणूनच योजनेत आरंभापासून दोन उपग्रह होते. पूर्व रेखांश ७४ अंशावर मुख्य आणि ९४ अंशावर दुसरा, अशी ती मांडणी होती. दुसऱ्या उपग्रहाने एरवी काही दूरसंचार वाहतूक सांभाळावी व प्रसंगी मुख्य उपग्रहाची जागा घ्यावी, अशी अपेक्षा होती. राखीव म्हणजे कोठारात ठेवलेले यान नव्हे, तर कक्षेत कार्यरत असलेला साथीदार, हा त्यामागील विचार होता.

इन्सॅट-१ए चे अपयश

इन्सॅट-१ए हा उपग्रह १० एप्रिल १९८२ रोजी डेल्टा प्रक्षेपकाने सोडण्यात आला. सी-बँड अँटेना आरंभी उघडला नाही व तो प्रयत्नांती उघडावा लागला. सौरशीड मात्र अखेरपर्यंत उघडले नाही. या शिडाचे महत्त्व उपग्रहाच्या रचनेवरून लक्षात येते. हवामान उपकरणाचा शीतक थंड राहावा म्हणून त्या बाजूस अवकाश मोकळे ठेवणे आवश्यक होते. त्यामुळे सौरपट्ट उपग्रहाच्या एकाच बाजूस बसविले होते. सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्म दाबामुळे उपग्रह कलू नये, यासाठी दुसऱ्या बाजूस हे शीड तोल सांभाळणार होते. ते न उघडल्याने तोल सांभाळण्याचे काम इंधनावर पडले. अखेर ६ सप्टेंबर १९८२ रोजी स्थिती-नियंत्रणाचे इंधन संपून उपग्रह सोडून द्यावा लागला. सात वर्षांसाठी आखलेला उपग्रह पाच महिनेही टिकला नाही.

हा उपग्रह परत आणणे शक्य नव्हते. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत होता. अमेरिकेचे स्पेस शटल काहीशे किलोमीटर उंचीपर्यंतच जाऊ शके. तेव्हा राखीव उपग्रह हाच एकमेव मार्ग उरला. परंतु तो कक्षेत नव्हता. मुख्य उपग्रह गेला त्या दिवशी त्याचा साथीदार पृथ्वीवरच होता आणि त्याचे उड्डाण व्हायला जवळजवळ एक वर्ष बाकी होते. कागदावरील योजनेत दोन उपग्रह होते, पण आकाशात एकही उरला नव्हता. नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा राष्ट्रीय प्रसारणासाठी परदेशी उपग्रहांचा आधार घ्यावा लागला.

इन्सॅट-१बी ची सिद्धता व उड्डाण

राखीव यान सिद्ध करणे म्हणजे पहिल्या यानाची हुबेहूब प्रत उडविणे नव्हे. जुळ्या यानात जुळा दोषही असू शकतो. पहिल्या यानाच्या अपयशाची कारणे शोधणे, त्यानुसार दुसऱ्यात दुरुस्त्या करणे, दुरुस्त भागांच्या चाचण्या पुन्हा घेणे आणि प्रक्षेपकावर जागा मिळविणे, अशा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. शिवाय घाई आणि सावधगिरी यांची ओढाताण सतत चालू राहते. सेवा बंद असल्याने उड्डाण लवकर हवे असते, आणि दुसरे अपयश परवडणारे नसल्याने प्रत्येक शंका फेडून घ्यावी लागते.

३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर शटलने इन्सॅट-१बी सह उड्डाण केले. शटलच्या आठव्या मोहिमेचे हे उड्डाण रात्री झाले. शटलचे ते पहिलेच रात्रीचे प्रक्षेपण होते आणि उपग्रह ठरावीक स्थितीत सोडण्याची गरज हे त्यामागील कारण होते. ३१ ऑगस्ट रोजी उपग्रह शटलमधून सोडण्यात आला. त्याला जोडलेल्या पॅम-डी या घन इंधनाच्या अग्निबाणाने त्यास उंच कक्षेकडे ढकलले. तरीही चिंता संपली नाही. सौरपट्ट प्रथम पूर्ण उघडले नाहीत, ते सप्टेंबरच्या मध्यास उघडण्यात नियंत्रकांना यश आले. ऑक्टोबर १९८३ मध्ये उपग्रह पूर्व रेखांश ७४ अंशावर, म्हणजे गमावलेल्या मुख्य उपग्रहाच्या जागी, कार्यरत झाला.

यानंतर देशात दूरचित्रवाणीचा झपाट्याने विस्तार झाला. पुण्यात सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम १९७३ पासूनच दिसत होते. परंतु लहान शहरांतील कमी शक्तीच्या प्रक्षेपकांना एकाच वेळी कार्यक्रम पुरविणे उपग्रहामुळेच शक्य झाले. पुण्याच्या माध्यम केंद्रातील एखादे व्याख्यान दूरच्या तालुक्यातील महाविद्यालयात पोहोचले, ते याच जाळ्यातून.

पुनर्प्राप्तीचा प्रयोग : १९८४

इन्सॅट-१बी च्या यशानंतर सुमारे पाच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, शटलमधून दोन दळणवळण उपग्रह सोडण्यात आले. अमेरिकेचा वेस्टार-६ आणि इंडोनेशियाचा पलापा-बी२ हे ते उपग्रह होत. दोहोंनाही पॅम-डी हाच अग्निबाण जोडलेला होता. वेस्टारचा अग्निबाण निष्फळ ठरल्यावर पलापाचे प्रस्थान दोन दिवस लांबविण्यात आले, परंतु त्याचाही अग्निबाण तसाच निकामी ठरला. एकाच घडणीची दोन साधने एकाच दोषाने निकामी होऊ शकतात, याचा हा ठळक पुरावा होय. याच जातीच्या अग्निबाणावर इन्सॅट-१बी चे भवितव्य अवलंबून होते, ही बाब भारताच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

हे दोन उपग्रह उंच कक्षेत न पोहोचता पृथ्वीनजीकच राहिले आणि म्हणूनच आटोक्यात होते. भूनियंत्रकांनी त्यांची कक्षा खाली आणली व फिरण्याचा वेग कमी केला. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी डिस्कव्हरी शटल निघाले. फ्रेडरिक हॉक यांच्या नेतृत्वाखालील पथकाने प्रथम दोन नवे उपग्रह सोडले आणि त्यानंतर दोन्ही भरकटलेले उपग्रह पकडले. जोसेफ ॲलन व डेल गार्डनर यांनी यानाबाहेर पडून हे काम केले. गार्डनर हे इन्सॅट-१बी सोडणाऱ्या १९८३ च्या मोहिमेतील पथकातही होते. एका वर्षी भारताचा उपग्रह सोडणाऱ्या पथकातील अंतराळवीर पुढील वर्षी दुसऱ्यांचे उपग्रह गोळा करीत होता.

या मोहिमेतील एक प्रसंग राखीव तयारीच्या दृष्टीने बोलका आहे. पलापा धरून ठेवण्यासाठी नेलेली चौकट उपग्रहावर बसेना. तेव्हा ॲलन यांनी उपग्रह हातांनी तोलून धरला आणि पृथ्वीभोवती जवळपास एक फेरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड तास, तो तसाच धरून ठेवला. या पर्यायाचा सराव आधी झालेला असल्यानेच तो त्या क्षणी उपयोगी पडला. म्हणजे पुनर्प्राप्तीच्या मोहिमेतही यश मिळाले ते मूळ साधनाने नव्हे, तर राखून ठेवलेल्या दुसऱ्या योजनेने.

१६ नोव्हेंबर रोजी दोन्ही उपग्रह पृथ्वीवर परतले. त्यांची भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांना मालमत्ता परत मिळाली. परंतु त्यांची सेवा केव्हा सुरू झाली, हा खरा प्रश्न आहे. दुरुस्तीनंतर वेस्टार-६ ‘एशियासॅट-१’ या नावाने आणि पलापा पुन्हा इंडोनेशियाचा उपग्रह म्हणून, असे दोन्ही एप्रिल १९९० मध्ये पुन्हा उडाले. मधल्या साडेपाच वर्षांत इंडोनेशिया थांबू शकला नाही. त्याने मार्च १९८७ मध्ये पलापा-बी२पी हा बदली उपग्रह सोडला. यावरून पुनर्प्राप्ती आणि राखीव व्यवस्था यांच्यातील भेद स्पष्ट होतो. पुनर्प्राप्तीने यंत्र वाचते. सेवा वाचवायची असल्यास दुसरा उपग्रहच लागतो.

एकाच उपग्रहावरील भार : १९८३ ते १९९०

इन्सॅट-१बी मुख्य जागी गेल्याने राखीव उपग्रहाची जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी इन्सॅट-१सी ची योजना होती. तो १९८६ मध्ये शटलमधून जाणार होता व त्यासोबत भारतीय अभियंता पाठविण्याचे ठरले होते. त्यासाठी नागपती चिदंबर भट व पी. राधाकृष्णन या दोघांची निवड झाली होती. जाणार एक आणि राखीव एक, हीच रीत मनुष्याच्या बाबतीतही होती. परंतु २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर दुर्घटना घडली आणि शटलची उड्डाणे थांबली. इन्सॅट-१बी ज्या यानातून गेला होता, तेच यान नष्ट झाले.

यानंतर इन्सॅट-१सी साठी युरोपच्या एरियन प्रक्षेपकाचा मार्ग स्वीकारावा लागला. जुलै १९८८ मध्ये तो कक्षेत गेला, पण वीजपुरवठ्यातील बिघाडाने त्याची निम्मी क्षमता गेली आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये तो पूर्णतः गमवावा लागला. १९८९ मध्येच जायचा इन्सॅट-१डी उड्डाणाच्या तयारीत असताना क्रेनच्या अपघातात सापडला. दुरुस्तीनंतर १२ जून १९९० रोजी डेल्टा प्रक्षेपकाने त्याचे उड्डाण झाले. तो मात्र नियोजित आयुष्याहून अधिक टिकला व २००२ पर्यंत उपयोगात राहिला.

या कालक्रमाचा अर्थ असा की, १९८३ ते १९८८ या काळात भारताच्या एकमेव कार्यरत उपग्रहामागे कक्षेत स्वतःचा दुसरा कोणताही उपग्रह नव्हता आणि त्यानंतर जो आला तो अर्धाच होता. ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ची आरंभीची सर्व वर्षे या काळात मोडतात. शिवाजीनगरच्या हवामान कार्यालयाने उपग्रहीय ढगचित्रांची सवय करून घेतली, तीही याच वर्षांत. इन्सॅट-१बी ने आपले सात वर्षांचे नियोजित आयुष्य पुरे केले, म्हणून ही उणीव संकट ठरली नाही. मात्र टळलेले संकट हे नियोजनाचे यश मानता येणार नाही.

नंतरच्या इतिहासातील पुनरावृत्ती

जुलै १९९२ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-२ए पासून भारताने स्वदेशी बांधणीचे उपग्रह वापरण्यास आरंभ केला, त्यामुळे बदली उपग्रहाची तयारी अधिक आपल्या हाती आली. तरीही प्रश्न संपला नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये इन्सॅट-२डी अवघ्या चार महिन्यांत निकामी झाल्यावर कक्षेत असलेला अरबसॅट-१सी विकत घ्यावा लागला. दिशादर्शन मालिकेतील पहिल्या उपग्रहाची अणुघड्याळे बंद पडल्यावर त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी आयआरएनएसएस-१एच सोडला गेला, पण प्रक्षेपकाचे उष्णताकवच वेगळे न झाल्याने तो गमवावा लागला. १२ एप्रिल २०१८ रोजी १आय यशस्वी झाला. येथे राखीवाचाही राखीव लागला.

पुनर्प्राप्तीच्या दिशेनेही भारताने पाऊल टाकले. १० जानेवारी २००७ रोजी सोडलेली ५५० किलोग्रॅम वजनाची एसआरई-१ ही कुपी बारा दिवस कक्षेत राहून २२ जानेवारीस बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत दोन भारतीय याने कक्षेत एकमेकांस जोडली गेली. पहिली कुपी मुळातच परत येण्यासाठी बनविलेली होती आणि ही दोन याने जोडली जाण्यासाठीच बनविलेली होती. भूस्थिर कक्षेत बिघडलेला उपग्रह परत आणणे ही त्याहून निराळी व अवघड गोष्ट आहे.

निष्कर्ष

१. इन्सॅट-१ मालिकेत राखीव उपग्रहाचा विचार आरंभापासून होता, परंतु मुख्य उपग्रह निकामी झाला त्या वेळी राखीव उपग्रह कक्षेत नव्हता. केवळ मंजूर असलेला किंवा बांधणीत असलेला उपग्रह राखीव मानता येत नाही.

२. मुख्य व राखीव यान एकाच घडणीचे असल्यास दोषही समान असण्याचा धोका राहतो, तर दोन्ही एकाच प्रक्षेपकावर विसंबल्यास मार्गच बंद होऊ शकतो. वेस्टार व पलापा यांनी पहिली बाब आणि चॅलेंजर दुर्घटनेने दुसरी बाब दाखवून दिली. इन्सॅट-१ चे चार उपग्रह तीन निरनिराळ्या प्रक्षेपकांनी गेले, हे अंशतः परिस्थितीने घडले असले तरी हितावह ठरले.

३. पुनर्प्राप्ती हा राखीव उपग्रहाला पर्याय नाही. तिचा लाभ प्रामुख्याने मालमत्तेच्या धन्याला होतो. विद्यार्थी, प्रेक्षक व हवामानशास्त्रज्ञ यांना हवी असते ती अखंडित सेवा.

४. पुण्यातील माध्यम केंद्र व हवामान कार्यालय यांचा उपग्रहाच्या बांधणीत सहभाग नव्हता, परंतु त्याच्या असण्या-नसण्याचा परिणाम त्यांच्या दैनंदिन कामावर होत होता. अवकाश कार्यक्रमाचा इतिहास प्रक्षेपण केंद्रांपुरता मर्यादित न ठेवता अशा उपयोगकर्त्या संस्थांच्या बाजूनेही लिहिला जाणे आवश्यक आहे.

अंदाजपत्रकात राखीव उपग्रह हा अनेकदा अनुत्पादक खर्च भासतो, कारण सर्व काही सुरळीत असेपर्यंत त्याचे काम दिसत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची किंमत काय असते, हे सप्टेंबर १९८२ ते ऑक्टोबर १९८३ या तेरा महिन्यांनी दाखविले. पुण्यातून निघालेले धडे १९८४ मध्ये देशभरातील वर्गांपर्यंत पोहोचू शकले, कारण तोपर्यंत कक्षेत एक दुसरा उपग्रह येऊन पोहोचला होता.